पताका आमच्या, मांडव कुणाचा?

दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एक सूचना लागते. तिचा मजकूर इतक्या वर्षांत फारसा बदललेला नाही. '२६ जानेवारी रोजी सकाळी ८ वाजता झेंडावंदन. ध्वजारोहण मा. अध्यक्षांच्या हस्ते. दुपारी मुलांच्या स्पर्धा. सायंकाळी ५ वाजता हळदीकुंकू. सजावट व रांगोळी : महिलावर्ग.' अध्यक्षपदी आजवर एकदाही बाई आलेली नाही आणि सजावटीपुढे एकाही पुरुषाचं नाव लागलेलं नाही, हे मी दरवर्षी मनातल्या मनात म्हणायचे आणि घरी जाऊन कात्री शोधायचे.

कारण खरं सांगायचं तर, मैत्रिणींनो, मला सजावट मनापासून आवडते. बाजारातून प्लॅस्टिकच्या माळा आणून टांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकायच्या, यात काही गंमत नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री पाच-सहा जणींनी सतरंजी टाकून बसावं. घोटीव कागदाच्या एका मोठ्या तावाचे सहा चौकोन होतात, प्रत्येक चौकोन तिरका कापला की बारा पताका. लांब बाजूला बोटभर दुमड घालून ती सुतळीवर चिकटवायची. डिंकाची बाटली लागत नाही. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवला की उत्तम खळ होते. शिंप्याकडच्या चिंध्या, जुन्या साडीचे काठ, खणाचे उरलेले तुकडे यांच्या पताका तर धुऊन ठेवल्या की पुढच्या वर्षीही चालतात. दाराला झेंडू आणि आंब्याचे डहाळे. खर्च नगण्य आणि गप्पा भरपूर.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगते, कारण हौसेपोटी ती हमखास विसरली जाते. केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे जोडून छोटे छोटे झेंडे करायचे आणि त्यांचं तोरण बांधायचं, हे नियमात बसत नाही. २००२ सालापासून लागू असलेली भारतीय ध्वजसंहिता सांगते की राष्ट्रध्वज तोरण, फीत किंवा कुठल्याही प्रकारची सजावट म्हणून वापरायचा नाही आणि इतर रंगीत कापडंही ध्वजाचा भास होईल अशी लावायची नाहीत. म्हणून आम्ही एक माळ एकाच रंगाची करतो. पिवळी, जांभळी, गुलाबी, जो कागद मिळेल तो. झेंडा एकच, खांबावरचा. मुलांच्या हातात कागदी झेंडे दिले तर कार्यक्रमानंतर ते मोजून परत घ्यायचे, जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. हे सगळं आम्हाला शिकवलं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी.

काकू शाळेत शिवणकाम शिकवत असत. निवृत्त झाल्या, काका गेले, मुलगा दुसऱ्या गावी. पण कात्री त्यांच्या हातात आली की बघत राहावं. पेन्सिलीची खूण न करता साठ पताका कापतील आणि साठही एका मापाच्या. जिन्यापासून गेटपर्यंतच्या सगळ्या माळा त्या वर्षी त्यांच्याच हातच्या होत्या.

सकाळी झेंडावंदन झालं. काकूंनी 'जनगणमन' खड्या आवाजात म्हटलं. दुपारी मुलांच्या लिंबूचमच्याला त्या परीक्षक होत्या. पाचच्या सुमारास आम्ही त्याच मांडवात सतरंज्या अंथरल्या, वाण मांडलं, अत्तरदाणी काढली. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस, २६ जानेवारी बहुतेक वर्षी त्यातच येतो आणि सुट्टीही असते, म्हणून आमच्याकडे हा घाट जुनाच. मी काकूंना म्हटलं, "काकू, चला, बसा ना." त्यांनी सुटलेली एक पताका सुतळीवर नीट बसवली आणि म्हणाल्या, "अगं, तुम्ही उरका. मला जरा घरी काम आहे."

त्यांना घरी काहीही काम नव्हतं. मला ते जिना चढताना त्यांची पाठ दिसली तेव्हा कळलं. आणि मग हेही आठवलं की हळदीकुंकवाच्या बोलावण्याची यादी माझ्याच हाताने लिहिलेली होती. त्यात काकूंचं नाव नव्हतं. ते घालू नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नव्हतं! मी, जी सभांमधून समतेच्या घोषणा देते, तिच्या हाताला ते नाव आपोआप गाळायची सवय होती.

हे मी नंतर मंडळाच्या बैठकीत बोलले तेव्हा जी उत्तरं आली ती तुमच्याही ओळखीची असतील. "त्यांनाच यायला आवडत नाही." आवडत नाही, की आपण बोलावणार नाही हे ठाऊक असल्यामुळे त्या आधीच उठून जातात? अपमान होण्याआधी निघून जाणं याला आवड म्हणायचं का? दुसरं उत्तर, "हा आमचा धार्मिक प्रकार आहे, त्यात घटना कशाला आणता?" राज्यघटना सोसायटीच्या हळदीकुंकवावर पहारा करायला येणार नाही, हे मलाही समजतं. पण दिवस आपणच निवडला आहे ना? १९५० साली ज्या दिवशी घटना अमलात आली त्या दिवसाच्या मांडवात, त्याच पताकांखाली, सकाळी सर्वांना समान म्हणायचं आणि संध्याकाळी नवरा जिवंत आहे की नाही यावरून बायकांची विभागणी करायची, हे एका दिवसात कसं बसवायचं?

झेंड्याशी बायकांचं नातं रांगोळीपुरतं कधीच नव्हतं. १९४२ साली ९ ऑगस्टला पुढारी तुरुंगात गेल्यावर गवालिया टँकवर झेंडा फडकवला तो अरुणा असफ अलींनी. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री संविधान सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला गेला, तो भारतातल्या स्त्रियांच्या वतीने, हंसाबेन मेहता यांच्या हातून. याच हंसाबेननी पुढे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द बदलून 'सर्व मानव' असा घ्यायला लावला. १९४८ ची ही गोष्ट. यादीत कोण येतं आणि कोण गळतं, हे एका शब्दावर ठरतं, याची त्यांना जाण होती. मला माझी यादी लिहिताना ती नव्हती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्याला जे जमलं ते चार मजल्यांच्या सोसायटीला का जमू नये?

पुढच्या वर्षी आम्ही सूचनेतला 'हळदीकुंकू' हा शब्द काढून 'तिळगूळ समारंभ, सर्व स्त्रिया' असं लिहिलं. काकूंकडे मी स्वतः गेले आणि आधी माफी मागितली. नवऱ्यापासून वेगळी राहणारी दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आली, लग्न न केलेल्या बाई आल्या, जिना झाडणाऱ्या मावशी हात पुसत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. सातजणी आल्या नाहीत. त्यांतल्या दोघींनी अजून माझ्याशी धड बोलणं सुरू केलेलं नाही. काकू आल्या, पण अगदी कडेला बसल्या. एका वर्षात त्यांनी मधोमध येऊन बसावं ही अपेक्षाही माझी नाही.

सजावटीच्या ओळीपुढे आम्ही 'महिलावर्ग'ऐवजी 'सर्व रहिवासी' लिहिलं. तीन पुरुष आले. एकाने खळ करपवली, दोघांनी सुतळी गुंतवली, पण रात्री अकरापर्यंत बसले. काकूंनी त्यांना चौकोन तिरका कसा कापायचा ते दाखवलं. ध्वजारोहण कुणाच्या हस्ते, ही ओळ बदलायची अजून बाकी आहे.

तुमच्याकडेही पताका होतीलच. सुतळी बांधायच्या आधी एकदा बोलावण्याची यादी वाचा. कुणाचं नाव गळलंय ते बघा आणि तिला सजावटीच्या आदल्या रात्रीपासूनच बोलवा, संध्याकाळपर्यंत थांबायच्या बोलीने.