भाड्याचा प्लेयर

मागच्या दिवाळीत मी माझ्याच गावात अधिकृतरीत्या परका ठरलो.

झालं असं, की डोणगावात (मेहकर तालुका, जिल्हा बुलडाणा, पुण्यातल्या लोकांना 'लोणार सरोवराच्या बाजूला' असं सांगावं लागतं) टेनिस बॉलचे सामने होते. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पिच चोपलेलं, लाउडस्पीकर, मंडपात पंचकमिटी. पत्रकावर खाली नेहमीची टीप : एकाच गावचे खेळाडू चालतील, आधार कार्ड सक्तीचे, पंचांचा निर्णय अंतिम राहील. मी पाच दिवसांच्या सुट्टीवर गेलेलो, टीममध्ये नाव दिलं आणि पॅड नाही की हेल्मेट नाही, नुसती बॅट घेऊन उभा राहिलो. तर समोरच्या टीमचा कॅप्टन कमिटीकडे गेला. आधार मागितलं. मी दिलं. बँकेच्या कामासाठी दोन वर्षांपूर्वीच मी त्यावरचा पत्ता बदलून घेतला होता. वाकड, पुणे.

"भाऊ, तू तं आता पुण्याचा झाला न," कमिटीतले काका म्हणाले. मला लहानपणापासून ओळखतात ते! पण नियम म्हणजे नियम. माझ्या जागी नववीतला एक पोरगा खेळला आणि त्याने नाबाद बावीस काढल्या, हे इथे सांगितलं नाही तर माझा चुलतभाऊ कॉमेंटमध्ये सांगेलच.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. बाहेरून आलेला खेळाडू 'आपला' कधी होतो? आणि ते ठरवणारे आपण, म्हणजे बाउंड्रीबाहेर बसून टाळ्या वाजवणारे लोक, नक्की काय बघून ठरवतो?

माझं प्रामाणिक उत्तर : स्कोअरबोर्ड बघून.

उदाहरण घरचंच घेऊ. विदर्भ. रणजीमध्ये विदर्भ १९५७-५८ पासून खेळतोय आणि आमच्या वडिलांच्या पिढीने विदर्भाची टीम जिंकेल अशी अपेक्षाच कधी केली नव्हती. मग बद्रीनाथ आला, गणेश सतीश आला, २०१५-१६ च्या सीझनला मुंबईचा वसीम जाफर आला. जाफर आला तेव्हा आमच्या घरातलं पहिलं वाक्य होतं, "मुंबईनं वापरून झाल्यावर आमच्याकडे पाठवला." (हे वाक्य माझंच होतं. कॉलेजात होतो, अक्कल कमी होती.) १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला नऊ विकेटनी हरवून विदर्भाने पहिली रणजी जिंकली, शेवटचे फटके जाफरने मारले, आणि त्या दिवसापासून जाफर आमचा. त्याच मार्चमध्ये इराणी कपात त्याने २८६ काढल्या, तेव्हा तर वडील फोनवर 'आपला वसीम' म्हणाले. नंतर कळलं, की रणजी जिंकलेल्या त्या सीझनला तो एक पैसा न घेता खेळला होता. आधीच्या वर्षी दुखापतीमुळे बाहेर बसला, तरी विदर्भाने त्याला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्याची परतफेड म्हणून. भाड्याचा प्लेयर म्हणत होतो आम्ही ज्याला!

त्याच इंदूरच्या फायनलमधली आणखी एक गंमत. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, तिन्ही क्लीन बोल्ड, आणि त्यातला तिसरा होता ध्रुव शौरी. दिल्लीकडून १४५ काढून आम्हाला छळणारा. त्याचा स्टंप उडाल्यावर आम्ही हॉस्टेलमध्ये जे ओरडलो ते इथे लिहिता येत नाही. आता हाच शौरी २०२५ च्या फायनलला विदर्भाकडून ओपनिंगला उतरला. मी टाळ्या वाजवल्या. जुना हिशोब कुठे गेला कुणास ठाऊक.

आणि करुण नायर. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ काढलेला माणूस, डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरवर क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागतो. ती संधी २०२३-२४ ला नागपूरने दिली. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा दोन तट होते : 'याच्या जागी आपला एक पोरगा घरी बसेल' आणि 'पोरगा बसू दे, कप येऊ दे'. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत करुणने आठ डावांत पाच शतकांसह ७७९ रन केले, पहिला तट गप्प. रणजी फायनलला नागपुरात केरळविरुद्ध ८६ आणि १३५. शतक झाल्यावर नऊ बोटं दाखवली, सीझनमधलं नववं म्हणून. मॅच ड्रॉ झाली, पहिल्या डावातल्या ३७ रनांच्या आघाडीवर तिसरा रणजी करंडक आला. पुढच्या सीझनला तो कर्नाटकात परत गेला, आणि ग्रुपवर काय आलं? 'मतलबी.'

हे मला खटकलं. अरे, तो काम करायला आला होता, काम करून गेला. आपल्यापैकी कितीजण तीन वर्षांत दोन कंपन्या बदलून बसलेत? नोटीस पिरियडमध्ये दुसरी ऑफर, त्यावर तिसरी, हे आपण 'करिअर' म्हणून सांगतो. आणि एक बॅट्समन आपल्या गावी परत गेला तर तो मतलबी!

पण इथे दुसरी बाजू आहे, आणि माझ्यासाठी तीच जास्त महत्त्वाची. 'कुठूनही आणा, जिंकू दे' म्हणणारेही मला पटत नाहीत. त्याचं कारण क्रिकेट नाही, माझा चुलतभाऊ आहे.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट. गावच्या टीमने सेमीफायनलसाठी एक फास्ट बॉलर बाहेरून आणला. तेव्हा आधारबिधार कोणी मागत नव्हतं. दोन हजार रुपये, जेवण आणि पेट्रोल. वर्गणी काढली, मीही शंभर दिले. जागा कोणाची काढायची, यावर मारुतीच्या पारावर मीटिंग झाली. चुलतभाऊ डावखुरा स्पिनर होता, तोपर्यंतचे सगळे सामने खेळलेला. हात वर करून मत घेतलं. मी हात वर केला. दादा समोरच बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही ती सेमीफायनल जिंकलो, फायनल हरलो, पाहुणा बॉलर रात्रीच निघून गेला. दादा नंतर खेळलाच नाही. भांडला नाही, रुसला नाही, नुसता खेळला नाही. आता मोबाईलचं दुकान आहे त्याचं, स्टँडजवळ. विषय काढला की म्हणतो, "जाऊ दे न बाप्पा, मले तसाही खांदा दुखे."

म्हणून मी विदर्भाकडे बघतो तेव्हा पाहुण्यांच्या धावांपेक्षा बाकीची नावं मोजतो. २०१८ च्या फायनलला अकरांत पाहुणे दोन, जाफर आणि गणेश सतीश. २०२५ ला पुन्हा दोनच, करुण आणि शौरी. बाकी नऊ आपल्याकडचे. करुण ८६ वर रन आउट झाला त्या डावात समोर दानिश मालेवार होता, त्याने १५३ केल्या. दोघांची भागीदारी २१५ ची. त्या सीझनला विदर्भाकडून सर्वात जास्त रन करुणचे नव्हते, यश राठोडचे होते, ९६०. आणि हर्ष दुबेच्या ६९ विकेट हा रणजीच्या एका सीझनचा विक्रम आहे. पाहुणा समोर उभा असताना घरची पोरं मोठी होत असतील तर आणा की पाहुणा! आमच्या गावच्या बॉलरकडून कोणी काही शिकलं नाही, कारण शिकायला तो थांबलाच नाही. रात्री साडेआठला गेला.

'घरची' हा शब्दही मी जरा दबकतच वापरतोय. डोणगावहून नागपूर लांब आणि छत्रपती संभाजीनगर जवळ. नागपूरच्या पोराला मी ज्या हिशोबाने घरचा म्हणतो, तो हिशोब नकाशाचा आहे, ओळखीचा नाही. असो.

अमेरिकेत तर हे कॉलेजच्या पोरांपर्यंत गेलंय. माझ्या प्रोजेक्टवरचा नॉर्थ कॅरोलिनातला सहकारी कॉलेज बास्केटबॉलचा वेडा आहे. तिथे २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आहे, टीम बदलायची तर नाव तिथे टाकायचं. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे, २०२१ पासून ती अटही गेली. तो म्हणतो, दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही नवीन नावं पाठ करतो आणि नोव्हेंबरपर्यंत ती आमची होतात. मी विचारलं, ज्याची जागा गेली त्याचं काय? म्हणाला, तोही पोर्टलमध्ये जातो. दादाला असलं पोर्टल कुठे होतं?

प्रेक्षकांचं म्हणाल तर २०२४ चं वानखेडे आठवा. हार्दिक पांड्या रोहितच्या जागी कॅप्टन म्हणून परत आला, तर मुंबईच्याच मैदानावर मुंबईच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. ४ जुलैला वर्ल्डकप घेऊन आला तर त्याच स्टँडमधून त्याच्याच नावाचा गजर. तीन महिने फक्त! त्याला जर कुणी माफी मागितली असेल तर माझ्या वाचनात नाही. मी तरी जाफरची कुठे मागितली?

आणि आदित्य सरवटे. २०१९ च्या फायनलला सौराष्ट्राच्या अकरा विकेट घेऊन दुसरा करंडक आणून देणारा. २०२५ च्या फायनलला तो नागपुरातच होता, केरळच्या कॅपमध्ये, आणि आमच्याविरुद्ध ७९ काढून गेला. त्याचं काय करायचं हे आमच्या ग्रुपला अजून ठरवता आलेलं नाही. तो आउट झाला तेव्हा मी आनंदाने उठलो आणि अर्ध्यात परत बसलो.

परवा दादाचा फोन आला होता. यंदाच्या सामन्यांचं पत्रक छापायला गेलंय आणि या वेळी तो चक्क कमिटीत आहे. मी म्हटलं, आधारचा नियम जरा ढिला करा की, बाहेर नोकरीला असलेली पोरं खेळतील. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू खेळशील तं कोणाले बसवू, ते सांग आधी."

अजून सांगितलेलं नाही. दिवाळीचं बस रिझर्व्हेशन मात्र करून ठेवलंय :-)