ग्रामसभेच्या गावी जाताना

सिंगापूर वा अँटवर्पला निघालेला व्यापारी तेथील रीतिरिवाज आधी विचारून घेतो. चंद्रपूरहून धानोऱ्याकडे बांबूच्या सौद्यासाठी निघालेल्याला मात्र तशी गरज वाटत नाही. जिल्हा शेजारचा, मराठी बहुतेकांना समजणारी. मग शिकायचे काय? अनेक सौदे फिसकटतात ते याच समजापायी.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण घ्यावे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ मध्ये या गावाला मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे तेंदूपानांची विक्रीही जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी स्वतः सुरू केली. पूर्वी व्यापारी वनखात्याच्या दारी जात असे. आता विकणारा गावच आहे. मेंढ्यात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही आक्षेप असला तर विषय पुन्हा चर्चेला येतो. म्हणून सायंकाळपर्यंत सौदा उरकून परतण्याच्या बेताने जाऊच नये. एखाद्या वजनदार माणसाला बाजूला घेऊन भाव ठरवणे बाजारात चतुराई ठरत असेल. येथे तो साऱ्या गावाचा अपमान होय. दर, मुदत व मोजणीची पद्धत सर्वांसमोर सांगावी आणि स्त्रियांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुरुषांकडे पाहून देऊ नये. रक्कम ग्रामसभेच्या खात्यात भरून पावती घ्यावी. रोखीचा हट्ट धरणाऱ्याची पत बँकेत घसरते, तशीच तेथेही घसरते.

भेटताच ‘जोहार’ म्हणावे. बैठक गोटुलात असेल तर इतरांप्रमाणे खालीच बसावे, खुर्ची मागू नये. देवस्थानाचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. हे वाहनचालकालाही बजावून ठेवावे.

खरा अवघड प्रश्न जेवणाचा. जंगलातील कंद हे तेथील नित्याचे अन्न आणि जैन कुटुंबात कंदमूळ वर्ज्य. पानात वाढल्यावर हात आखडणे यजमानाला लागते. त्यापेक्षा पोहोचताच, चूल पेटण्यापूर्वी, सांगून टाकावे की सूर्यास्तानंतर जेवण नाही, जमिनीखालचे काही चालत नाही, पाणी उकळलेलेच लागते. नियम म्हटले की गोंड माणसाला फार समजवावे लागत नाही. त्यांच्या कुळांतही कुळचिन्ह असलेला प्राणी वा वृक्ष जपण्याची रीत आहे. स्वतःचा डबा असल्यास तसे सांगून उघडावा, गाडीत लपून खाऊ नये. खाकऱ्याचा पुडा मुलांपुढे धरला तर तो क्षणात संपतो, एवढी तयारी ठेवावी.

आणखी दक्षिणेला भामरागडकडे जायचे असल्यास पावसाळा टाळावा. पर्लकोटा नदीला पूर आला की वाट बंद होते आणि दिवसचे दिवस संपर्क तुटतो. तिकडचा बेत दिवाळीनंतरच आखावा. मलेरियाचा मुलूख असल्याने मच्छरदाणी मात्र बारमाही सोबत असावी.