टेप बदलायचाय, पण ऐकतं कोण?

आमच्या घरी गाडीतल्या स्टिरिओला अजूनही ‘टेप’च म्हणतात. कॅसेटी कधीच गेल्या, शब्द मात्र जायला तयार नाही. तर ह्या टेपनं गेल्या दिवाळीत आमच्या घरात जे रामायण घडवलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

गाडी आमच्या दिरांची. २००७ सालची, जर्मन बनावटीची, पुण्यात जपून वापरलेली. त्यांनी नवी घेतली आणि ही आमच्याकडे सांगलीला आली. पंधरा वर्षं उलटल्यावर पुन्हा पासिंगही करून घेतलं. अशा मोठ्या गाड्यांचं तसंच असतं. जुन्या झाल्या की घ्यायला स्वस्त, सांभाळायला महाग! पण चालते अशी, की पोटातलं पाणी हलत नाही. चालवते मीच. ह्यांना स्कूटरच सोयीची वाटते, आणि सासूबाईंना आठवड्यातून दोनदा मिरजेला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे.

दिवाळीला चिरंजीव घरी आले. गाडीत बसताक्षणी म्हणाले, ‘‘आई, हा काय टेप आहे? ह्याला फोन जोडता येत नाही!’’

बोलणं खोटं नव्हतं. टेपमध्ये सहा सीड्या मावायच्या, बस्स. पेनड्राइव्ह नाही, ब्लूटूथवर गाणी नाहीत. दोष गाडीचा नव्हे. गाडी वीस वर्षं टिकावी म्हणून बांधतात, पण तिच्यातलं गाण्याचं यंत्र त्या त्या वेळच्या चालीचं असतं. छोटी कॅसेट आली १९६३ साली, सीडी बाजारात आली १९८२ साली, आणि फोन गाडीच्या पडद्यावर आणणारं कारप्ले २०१४ साली. लेदरची सीट अजून नव्यासारखी आणि टेप मात्र पणजोबा, असं होणारच.

मग दुकानात गेलो. दुकानदार माझ्याशी बोलेचना. सगळं बोलणं चिरंजीवांशी. मी विचारलं, ‘‘वायरी कापाव्या लागतील का हो?’’ तर म्हणाला, ‘‘वहिनी, तुम्ही नका काळजी करू. ते आमचं काम.’’ ज्या गाडीचं स्टेअरिंग रोज माझ्या हातात, त्या गाडीबद्दल मी काळजी करायची नाही! आणि माझं चुकलं ते इथंच. मी गप्प बसले.

संध्याकाळी भला मोठा, चकचकीत पडदा बसवून गाडी घरी आली. गाणी सुरू झाली. चिरंजीव खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना घेऊन निघाले, तर गाडी चालू होईना. बॅटरी ठार उतरलेली. आणि गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे धक्का मारूनही उपयोग नाही. शेवटी शेजारच्यांच्या रिक्षानं मिरज गाठली. दवाखान्यातला नंबर चुकला तो चुकलाच.

असं तीनदा झालं. तेव्हा कुठं कोल्हापूरच्या एका वयस्क मिस्त्रींनी गाडी उघडून मला सगळं नीट समजावून सांगितलं. साध्या गाडीत एक टेप काढायचा, दुसरा बसवायचा, झालं. पण अशा महागड्या गाड्यांत टेप एकटा नसतो. अॅम्प्लिफायर मागं डिकीत, सीडीचा डबा तिसरीकडे, फोनची पेटी चौथीकडे. ही सगळी मंडळी प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक तारेनं एकमेकांना जोडलेली असतात, फुगडीत हात धरावेत तशी गोल. एकीनं हात सोडला की फेर मोडला. आमच्या टेपला त्या फेरातून ओढून काढलं होतं, स्पीकरच्या वायरी कापून परस्पर जोडल्या होत्या. उरलेल्या पेट्या रात्रभर जाग्या राहून बॅटरी पीत बसल्या. मागं पार्किंग करताना वाजणारी सूचनाही बंद पडली होती. ती मला कळली खांबाला घासल्यावर!

पण खरी गोष्ट बॅटरीची नाही. खरी गोष्ट सासूबाईंची.

त्यांना थोडं कमी ऐकू येतं. जुन्या टेपला आवाजाचं एक गोल बटण होतं. गाडीत बसलं की त्या हात पुढं करायच्या, बटण फिरवायच्या, आपल्याला हवा तेवढा आवाज करायच्या. अख्ख्या गाडीत त्यांना चालवता येणारी तेवढीच एक वस्तू. नव्या पडद्यावर बटणच नव्हतं. त्यांची बोटं कोरडी, काम करून राठ झालेली. त्या पडद्यावर बोट टेकवायच्या, पडद्याला ते कळायचंच नाही. दोनतीनदा करून बघितलं, मग हात मांडीवर ठेवला. मिरजेपर्यंत चकार शब्द नाही. मी विचारलं, ‘‘आई, आवाज वाढवू का?’’ तर म्हणाल्या, ‘‘असू दे गं. तू रस्त्याकडं बघ.’’

आणि त्यांचं बरोबरच होतं. गोल बटण हाताला न बघता सापडतं. पडद्यावरचं चित्र शोधायला रस्त्यावरची नजर काढावी लागते. तिकडे युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या संस्थेनंही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींसाठी खरीखुरी बटणं असावीत असा आग्रह धरला आहे. म्हणजे नव्याची हौस असणाऱ्यांनाही हे उमगू लागलंय.

नवं नकोच, असं माझं म्हणणं नाही. पडद्यावर नकाशा दिसतो, मागचा कॅमेरा दिसतो, त्याची सोय मी कशाला नाकारू? माझं म्हणणं एवढंच, की घरातली वस्तू बदलताना ती वापरणाऱ्याला आधी विचारा. मिक्सर असो, नळ असो, नाहीतर गाडीचा टेप. आपल्याकडे घेणारा एक, निवडणारा दुसरा, आणि वापरणारी तिसरीच. तिला विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही. आणि सासूबाईंना तर मीसुद्धा विचारलं नव्हतं, हे कबूल करते.

तुमच्याकडे असा बेत शिजत असेल, तर दुकानात चार प्रश्न मात्र धीटपणे विचारा. वायरी कापणार, की जोडायचा वेगळा प्लग मिळतो? स्टेअरिंगवरची बटणं आणि पार्किंगची सूचना चालू राहील का? आवाजाला फिरवायचं बटण आहे का? आणि जुना टेप परत देणार ना? ‘तुम्हाला नाही कळायचं’ असं उत्तर आलं, तर पर्स उचला आणि दुसऱ्या दुकानात जा.

आमचा जुना टेप मी जुन्या साडीत गुंडाळून दिवाणात ठेवला होता. मिस्त्रींनी कापलेल्या वायरी सोल्डर करून जोडल्या, तो जागेवर बसवला, आणि सीडीच्या डब्याच्या जागी एक छोटी पेटी जोडली. त्या फेरात ती डब्याचं सोंग घेऊन उभी राहते आणि फोनवरची गाणी ब्लूटूथवरून आत आणते. खर्च पडद्याच्या निम्म्याहूनही कमी. पडदा दुकानदारानं परत घेतला, अर्थात रक्कम कापून. ती शिकवणीची फी समजले.

आता फोन चिरंजीवांचा असो की माझा, गाणी लागतात. आणि सासूबाई गाडीत बसल्या, की पदर सावरायच्या आधी हात पुढं करून बटण फिरवतात. कधीकधी इतका मोठा आवाज करतात, की सिग्नलला बाजूचे वळून बघतात. बघू देत!