विश्लेषण : आंबट बिअर – नासलेली की मुरलेली?

बिअरचा पहिला घोट आंबट लागला तर आपण ग्लास बाजूला सारतो आणि वेटरला हाक मारतो. पण बेल्जियममध्ये अशीही बिअर आहे, जी आंबट व्हावी म्हणूनच दोन-दोन, तीन-तीन वर्षे ओकच्या लाकडी पिंपात ठेवली जाते. गेल्या काही वर्षांत ‘सावर’ या नावाखाली आपल्या शहरांतल्या मायक्रोब्रुअरींतही आंबट बिअर मिळू लागली आहे. या दोन्ही एकच आहेत का? नसतील, तर फरक कसा ओळखायचा? आणि ओळखून उपयोग काय?

ही बिअर आंबट होते कशी?

नेहमीच्या बिअरमध्ये ब्रुअर निवडून घेतलेले यीस्ट घालतो आणि इतर जिवाणू आत शिरू नयेत म्हणून जिवाचे रान करतो. ब्रसेल्स शहर आणि त्याच्या नैऋत्येचा पायोटनलँड हा भाग जिच्यासाठी ओळखला जातो, त्या ‘लाम्बिक’ बिअरमध्ये उलटे घडते. जव आणि साधारण ३० ते ४० टक्के कच्चा गहू यांचा काढा अनेक तास उकळतात. त्यात हॉप्स घालतात तेही ताजे नव्हे, तर दोन-तीन वर्षे ठेवून जुने केलेले. त्यांचा कडवटपणा उतरलेला असतो, पण नको त्या जिवाणूंना आवर घालण्याची ताकद शिल्लक असते. मग हा गरम काढा उथळ, पसरट हौदात ओतून रात्रभर उघडा ठेवतात. हवेतून आणि आसपासच्या लाकडातून येणारे सूक्ष्मजीव विरजणाचे काम करतात. सकाळी तो पिंपात भरला जातो.

पुढे पिंपात सूक्ष्मजीवांच्या पाळ्या लागतात. आधी आतड्यात आढळणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीतले जिवाणू, मग मद्यार्क बनवणारे नेहमीचे यीस्ट, त्यानंतर काही महिन्यांनी लॅक्टिक आम्ल तयार करणारा पेडिओकोकस आणि शेवटी ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट. मधल्या काळात बिअर कधी कधी तेलासारखी चिकट, तार सुटणारी होते. घाईचा माणूस ती ओतून देईल. जाणकार थांबतो, कारण ब्रेटॅनोमायसिस हळूहळू तो चिकटपणा खाऊन टाकते. गंमत म्हणजे या यीस्टचे वर्णन १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी केले, ते ब्रिटिश बिअरच्या अभ्यासातून, आणि नावाचा अर्थही ‘ब्रिटिश बुरशी’ असाच. आज वाइनवाले त्याला शत्रू मानतात, लाम्बिकवाले सोबती.

लाकडी पिंपच कशाला?

स्टीलच्या टाकीतून हवा आत जात नाही. लाकडातून ती जाते, पण अगदी थोडी. तेवढ्या प्राणवायूवर ब्रेटॅनोमायसिस तगते आणि लाकडाच्या छिद्रांत पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकते. लाम्बिकची पिंपे बहुधा आधी वाइनसाठी वापरलेली असतात. नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास इथे नकोच असतो. पिंप इथे मसाला नाही, घर आहे.

बेल्जियमच्याच पश्चिम फ्लँडर्समधल्या रूसेलारे गावी रोडेनबाख ही १८२१ पासूनची ब्रुअरी आहे. तिथे माणसाहून कितीतरी उंच अशा ओकच्या शेकडो पिंपांत तांबूस बिअर दोन वर्षे मुरते. इथे यीस्ट हवेतून येत नाही, पण लाकडाचे काम तेच. या बिअरमध्ये लॅक्टिक आम्लाबरोबर थोडे ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचा अंशही असतो. नेहमीच्या रोडेनबाखमध्ये सुमारे एक चतुर्थांश मुरलेली आणि बाकी ताजी बिअर असते; ‘ग्रां क्रू’मध्ये सुमारे दोन तृतीयांश मुरलेली. लाम्बिकमध्येही मिश्रण हीच खरी कारागिरी. एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवली की ‘ग्युझ’ होते. आंबट चेरी घालून मुरवली की ‘क्रीक’.

मग ‘सावर’ लिहिलेली प्रत्येक बिअर अशीच का?

नाही, आणि मतभेदाचा खरा मुद्दा इथेच आहे. आज जगभर मिळणाऱ्या बहुतेक आंबट बिअर ‘केटल सावर’ पद्धतीच्या असतात. उकळण्याच्या भांड्यातच लॅक्टोबॅसिलस जिवाणू सोडायचे, एक-दोन दिवसांत हवा तितका आंबटपणा आला की उकळून ते मारायचे, आणि पुढे नेहमीचे यीस्ट. काही आठवड्यांत बिअर तयार. तिच्यात कैरी, कोकम किंवा पेरू घातला तर उन्हाळ्यात ती छानच लागते. या पद्धतीत वाईट काही नाही. पण ती झटपट लोणच्यासारखी आहे. झटपट लोणचे चविष्ट असते, मात्र वर्षभर मुरलेल्या लोणच्याच्या बरणीतून ते वाढले आणि तीच किंमत घेतली, तर ती फसवणूक होते.

युरोपीय संघाने १९९७ मध्येच याची दखल घेतली. ‘ऊडे ग्युझ’, म्हणजे जुनी ग्युझ, हे नाव लावायचे तर मिश्रणातल्या लाम्बिकचे सरासरी वय किमान एक वर्ष आणि सर्वांत जुनी लाम्बिक किमान तीन वर्षे लाकडात मुरलेली हवी. हे संरक्षण पद्धतीला आहे. त्याआधीची काही दशके साखर घातलेल्या गोड लाम्बिकने बाजार व्यापला होता आणि जुने मिश्रणकार एकामागोमाग एक बंद पडत होते. नावाला अर्थ उरला नाही की त्यामागचे कष्टही उरत नाहीत, हा त्यातला धडा.

चव घ्यायची कशी?

पहिली गोष्ट, बर्फासारखी थंड नको. १० ते १३ अंश सेल्सिअस पुरे. फार गारव्यात वास मरतो आणि उरतो तो नुसता आंबटपणा. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून ती आडवी-उभी न हलवता सावकाश ओतावी. दुसरी गोष्ट, तोंडाआधी नाक. चांगल्या ग्युझला वाळलेले गवत, लिंबाची साल, जुने चामडे, थोडा तबेला असे वास येतात. तबेला ऐकून दचकू नका. गोठ्याच्या ओल्या गवताचा वास आपल्यापैकी अनेकांना आजोळची आठवण करून देतो, तसेच हे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पहिल्या घोटावर मत बनवू नका. आंबटाची सवय नसलेली जीभ पहिल्या घोटाला फक्त दचकते. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला गव्हाचा मऊपणा, लाकडाचा तुरटपणा, फळांचा भास दिसू लागतो. सोबत काही खायला हवे. पायोटनलँडमध्ये ब्रेडवर ताजे मऊ चीज आणि मुळ्याच्या चकत्या घालून खातात. आणि मात्रा थोडी: चौघांत एक बाटली. या बिअरमध्ये साधारण ५ ते ७ टक्के मद्यार्क असतो. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे जे पीत नाहीत त्यांनी यासाठी सुरू करावे असे यात काहीही नाही. जे पितात त्यांनी कमी आणि लक्ष देऊन प्यावे, एवढेच.

मुरलेली कोणती, बिघडलेली कोणती?

इथे मराठी माणसाला घरचीच शिदोरी उपयोगी पडते. आंबट, आंबूस, आंबलेले, विटलेले आणि नासलेले यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. ताकाचा आंबटपणा हवाहवासा, विटलेल्या वरणाचा नाही. हीच फूटपट्टी लावावी. ताकासारखा, लिंबासारखा स्वच्छ आंबटपणा ही चांगली खूण. व्हिनेगरचा अंश तांबूस फ्लँडर्स बिअरमध्ये चालतो, पण घशाला जाळत असेल तर पिंपात हवा जास्त गेली. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावासारखा वास, ओकारीसारखा वास किंवा गिळल्यावर काही क्षणांनी उंदराच्या बिळासारखी उमटणारी चव हे दोषच आहेत. ‘रानटी आहे, असेच असते’ म्हणून ते खपवून घेऊ नयेत. आणि जास्त आंबट म्हणजे जास्त चांगली, हा तर निव्वळ गैरसमज. तिखटाच्या पैजेतून मिसळीची चव कळत नाही, तसेच हे.

ही परंपरा टिकेल का?

लाम्बिक थंड रात्रींवर अवलंबून आहे. म्हणून ती साधारण ऑक्टोबर ते एप्रिल याच काळात केली जाते. रात्र उबदार असेल तर काढा वेळेत निवत नाही आणि नको ते जिवाणू माजतात. ब्रसेल्समधल्या १९०० साली स्थापन झालेल्या कँतियों ब्रुअरीला २०१५ च्या उबदार नोव्हेंबरमध्ये काम थांबवावे लागले होते. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. यादीत नाव आले म्हणून रात्री थंड होत नाहीत. हवामानबदल म्हणजे केवळ वितळणारे हिमनग नव्हेत. एखाद्या खोऱ्याची चवही त्यात हरवू शकते. आंब्याचा मोहोर करपताना पाहणाऱ्या कोकणाला हे वेगळे सांगायला नको.

आपण काय मागावे?

फार काही नाही. मेनूकार्डावर ‘सावर’ या शब्दापुढे एक ओळ: भांड्यात आंबवलेली की पिंपात मुरवलेली, आणि किती महिने. फळ ताजे की नुसता स्वाद, तेही. झटपट बिअर झटपट म्हणून, त्या दरात विकली गेली तर तक्रारीला जागा नाही. पिंप वर्षानुवर्षे अडवून ठेवणाऱ्याला त्याच्या वेळेचे दाम मिळाले तरच कुणी पिंप अडवून ठेवील. ही ओळ छापायला खर्च नाही, आणि ती विचारायला आपल्याला जाणकार असण्याचीही गरज नाही. लोणचे विकत घेताना ‘यंदाचे की गेल्या वर्षीचे?’ असे आपण सहज विचारतोच की.