पाठ फिरवून काढलेलं चित्र

‘समोर बसून काढलं नाही, ते निसर्गचित्रच नव्हे’ हा आग्रह आपल्याकडे जुना आहे. त्यामागे मोठी परंपराही आहे. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या जलरंगकारांनी उघड्यावर बसून केलेली कामं हे आपलं वैभव आहे. पण त्यावरून आठवणीतलं चित्र कमअस्सल ठरत नाही.

आक्षेप असा, की आठवण लबाड असते. तपशील गळतात आणि त्यांच्या जागी ठोकळे येतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी. हे खरंच घडतं. पण त्या डोंगरांत आठवण कुठे आहे? असं चित्र काढणाऱ्या मुलानं डोंगर पाहिलेलाच नसतो, त्यानं पाहिलेलं असतं दुसऱ्याचं चित्र.

पाहून आठवणं हे वेगळंच काम आहे. चित्रकार व्हिसलर १८७०च्या दशकात लंडनमध्ये थेम्सची रात्र रंगवत होता. अंधारात रंगपाटीवरचा निळा कोणता नि करडा कोणता, हे कळणार कसं? म्हणून तो नदीकाठी उभा राहून दृश्य न्याहाळायचा, मग पाठ फिरवून सोबत्याला ते तोंडपाठ सांगायचा. चुकलं तर पुन्हा पाहायचा. चित्र व्हायचं नंतर, स्टुडिओत. याला कोणी आळस म्हणेल का?

त्याच्याही आधी, १८४८ साली, पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या शिक्षकानं चित्रस्मृतीच्या शिक्षणावर पुस्तिका लिहिली होती. शिल्पकार रोदँ त्याचाच विद्यार्थी.

आणि आपला पाऊस? आषाढात ताम्हिणी घाटात कागद उघडून पाहा. पहिलाच वॉश वाळत नाही, वरून थेंब पडतात, आणि रंग कालवेपर्यंत समोरचा कडा ढगात गेलेला असतो. जागेवरच काढायचं म्हटलं, तर सह्याद्रीचं सगळ्यात देखणं रूप चित्राबाहेरच राहील. तिथे हात खिशात घालून चालावं, थांबावं, ढगाची कड कड्याला कुठे टेकते ते मनात घोकावं आणि घरी येऊन रंगवावं. जे विसरलं ते बहुधा चित्राला नकोच होतं, असं माझं मत आहे.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत ‘स्मरणचित्र’ हा विषय आपल्याकडे आहेच. चित्रकलेच्या शिक्षकांना एवढीच विनंती: त्या तासाआधी मुलांना शाळेजवळच्या टेकडीवर अर्धा तास फिरवून आणा, आणि चित्रवह्या वर्गातच ठेवायला सांगा.