दोष बियाण्याचा म्हणणाऱ्यांना

इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली राबणारे संत चोखामेळा गेले. जन्मामुळे देवळाबाहेर राहिलेल्या या माणसाची समाधी आज पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. जन्मावरून माणसाचा निकाल लावण्याची ती खोड मात्र आपल्यातून गेलेली नाही. वर्गात एखादे मूल स्वस्थ बसेना, त्याचे लक्ष ठरेना, की शिक्षक आणि शेजारी म्हणतात, ‘रक्तातच आहे त्याच्या!’ आता तर ते प्रयोगशाळेलाही साक्षीस बोलावतात.

ती साक्ष तरी काय सांगते? डोपामाइन हे मेंदूतील रसायन पेशीत परत घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक संशोधकांनी उंदरांत निकामी केले; ते उंदीर अतिचंचल झाल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. दिशा कळली, पण मूल म्हणजे एक जनुक काढलेला उंदीर नव्हे. २०२३ साली एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता, असलेल्या ३८,६९१ आणि नसलेल्या १,८६,८४३ व्यक्तींच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. सापडल्या २७ जागा. प्रत्येकीचा परिणाम अगदी अल्प. असे हजारो बारीक फरक मिळून कल वाढवतात, आणि त्यांतले काही तुमच्याआमच्यातही आहेत. शिवाय त्या व्यक्ती युरोपीय वंशाच्या. त्यावरून सोलापूर जिल्ह्यातील एका मुलाचे भविष्य कोण वर्तवणार?

कोणी म्हणेल, जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ७४ टक्के निघाला आहे. निघाला खरा, परंतु तो आकडा समूहातील मुलामुलांमधल्या फरकाचा आहे, एका मुलाच्या नशिबाचा नव्हे. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तेथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; पण मालदांडीचे तेच बी काळ्या रानात आणि मुरमाड माळावर पेरा, कणसे सारखी भरतील काय?

याच संशोधनाने एक अन्याय मात्र दूर केला आहे. ‘आईने लाडावून ठेवले’ या आरोपाला त्याने आधार ठेवलेला नाही. वारसा हा अपराध नव्हे, आणि तो शिक्षाही नव्हे.

वाचकहो, जनुकांची तपासणी करून या विकाराचे निदान आजही होत नाही. तज्ज्ञ मुलाचे घरातले आणि शाळेतले वागणे पाहूनच ते करतात. मग शाळेने प्रयोगशाळेची वाट कशासाठी पाहावी? मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, काम लहान तुकड्यांत देणे, मध्ये उठून फिरू देणे, पालकांना दूषण न देता डॉक्टरांकडे पाठवणे, यांसाठी एकही जनुक शोधावे लागत नाही. जी शाळा एवढेही करीत नाही, तिने मुलाच्या रक्ताविषयी बोलू नये.