लपवलेला ताप

मुंबईत धोबीतलावला, मेट्रो चित्रपटगृहाजवळ, एका डॉक्टरांचा पुतळा आहे. त्यांचे नाव डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस. जन्म १८५६चा, गोव्यातील हडफडे गावचा; वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. मांडवीच्या दाट वस्तीत ते व्यवसाय करीत.

सप्टेंबर १८९६मध्ये त्यांच्याकडे काही रुग्ण आले. तीव्र ताप, विलक्षण ग्लानी आणि जांघेत वेदनादायक गाठ. साधा ताप म्हणून औषध देणे सोपे होते. परंतु त्यांनी गाठीकडे दुर्लक्ष केले नाही आणि ही ग्रंथिक प्लेगची साथ असल्याचे निर्भयपणे सांगितले. प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे बंदराच्या व्यापारावर गदा आणणे. त्यामुळे आरंभी त्यांच्या निदानावर शंका घेतली गेली. पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत तेच खरे ठरले.

त्यानंतर वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८ हजार लोकांना स्वहस्ते लस टोचल्याचे सांगितले जाते.

दुर्दैवाने त्या काळी सक्तीच्या झडत्यांच्या व रुग्णालयाच्या धास्तीने लोक आजारी माणसाला घरातच लपवीत. त्यांची भीती अकारण नव्हती. पण लपवल्याने रुग्ण उपचारांपासून दूर राहत, साथही पसरे.

आज झडत्या नाहीत. लपवणे मात्र संपलेले नाही. माझ्या दवाखान्यात कित्येक आजी-आजोबा तीन-चार दिवस उशिरा येतात. "मुलांना कशाला त्रास?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. दरम्यान घरातील पॅरासिटामॉलने ताप झाकलेला असतो.

उतारवयात संसर्ग कित्येकदा फारसा ताप न येताच वाढतो. एकाएकी असंबद्ध बोलणे, सतत झोपून राहणे, जेवण नाकारणे, तोल जाऊन पडणे, लघवीचे प्रमाण घटणे ही त्याची लक्षणे असू शकतात. 'वय झाले' म्हणून ती सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. धाप लागत असेल किंवा जागे करणे कठीण जात असेल, तर थेट रुग्णालय गाठा. तापाचा आकडा, वेळ आणि दिलेले औषध वहीत लिहून ठेवा. ती वही सोबत आणा.

आणि ज्येष्ठांनो, आपले दुखणे सांगणे म्हणजे मुलांवर ओझे टाकणे नव्हे. डॉ. व्हिएगस यांना प्लेग ओळखता आला, कारण रुग्ण त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. आमच्यापर्यंतही वेळेवर पोहोचा, एवढीच विनंती.